वय २९ आणि बीपी सतत १४० च्या आसपास – गोळी, थांबणं की अजून काही?

रानवारा
नमस्कार मंडळी. वय २९, वजन उंचीच्या मानाने थोडं जास्त, सिगरेट नाही, दारू कधीतरी. गेल्या काही महिन्यांत जिथे जिथे बीपी मोजलं तिथे वरचं १३५ ते १४२ आणि खालचं ८६ ते ९२ च्या मधे येतंय. त्रास म्हणाल तर शून्य, डोकं दुखत नाही, चक्कर नाही, जिने न थांबता चढतो. एका डॉक्टरांनी सांगितलं की या वयात एवढं मनावर घेऊ नका, दुसऱ्यांनी पाच मिनिटांत गोळी लिहून दिली आणि आता आयुष्यभर घ्यायची म्हणाले. ती अजून सुरू केलेली नाही. वडिलांना चाळिशीच्या आतच बीपी निघालं होतं त्यामुळे सोडून द्यायचीही भीती वाटते आणि गोळी म्हटलं की घरचे घाबरतात. नेटवर वाचावं तर एका ठिकाणी १३० च्या वर हाय बीपी आणि दुसऱ्या ठिकाणी १४० पर्यंत चालतं. मला खरंच कळत नाहीये की आता पहिलं पाऊल काय टाकायचं. इथे कोणी याच वयात यातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

पायवाट
वाचतेय. मी ३३, खालचं बीपी कायम ८८-९०, वरचं बरं असतं. कोणी नीट सांगतच नाही की फक्त खालचं जास्त असलं तर काय करायचं.

तळटीप
मी फिजिशियन आहे, पण इथे तुम्हाला न बघता, न तपासता लिहितेय, त्यामुळे हे उपचार म्हणून नाही तर समजून घ्यायला वाचा.

आधी आकड्यांचा गोंधळ. अमेरिकेतल्या संस्थांनी २०१७ मध्ये रेषा खाली आणली, तेव्हापासून तिथे १३०/८० पासून पुढे हायपरटेन्शन, म्हणजे हाय बीपी म्हणतात, पहिली पायरी. युरोपात अजूनही दवाखान्यात मोजलेलं १४०/९० किंवा जास्त असेल तरच हायपरटेन्शन, पण त्यांच्या २०२४ च्या नियमावलीत १२० ते १३९ किंवा खालचं ७० ते ८९ याला 'वाढलेलं' बीपी असं वेगळं नाव आहे. म्हणजे रानवारा, तुम्ही एका यादीत रुग्ण आहात आणि दुसरीत उंबरठ्यावर. यात कोणी खोटं बोलत नाहीये, रेषा माणसांनी आखलेली असते आणि धोका तसा टप्प्याटप्प्याने येत नाही, तो हळूहळू चढत जातो. २००२ साली जगभरातल्या साधारण दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिलं गेलं, त्यात ४० ते ६९ वयोगटात ११५/७५ पासूनच वरचं २० ने किंवा खालचं १० ने वाढलं की पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका दुप्पट होत गेलेला दिसला. १३९ चे १४० झाले म्हणून त्या रात्री शरीरात काही घडत नाही.

आता तरुणांबद्दल. 'तरुण आहे, चालतंय' याला आधार नाही. अमेरिकेत १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वयाच्या पाच हजारांवर लोकांना घेऊन कार्डिया नावाचा अभ्यास सुरू झाला, त्यांच्याकडे अजून लक्ष ठेवलं जातंय. २०१८ मध्ये त्यातून जे छापून आलं त्यात चाळिशीच्या आधी ज्यांचं बीपी १३०-१३९ किंवा ८०-८९ होतं त्यांना पुढच्या साधारण वीस वर्षांत हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार नॉर्मल बीपीवाल्यांपेक्षा जास्त झाले, जवळपास पावणेदोनपट. मात्र एक लक्षात घ्या, या वयात मुळात असे आजार कमीच होतात, त्यामुळे पावणेदोनपट म्हणजेही मोठा आकडा नाही. घाबरण्याचं कारण नाही, पण विसरून जाण्याचंही नाही. बीपी किती वर्षं वाढलेलं राहिलं याचा हिशोब रक्तवाहिन्या ठेवतात, आणि २९ व्या वर्षी तुमच्यापुढे वर्षं भरपूर आहेत.

त्या दोन्ही डॉक्टरांनी जे सांगितलं त्याच्या आधीची पायरी राहिली असं मला वाटतं, ती म्हणजे बीपी खरंच एवढं आहे का हे पक्कं करणं.

पायवाट, तरुणपणी फक्त खालचं वाढलेलं असणं हे बरंच दिसतं. वजन आणि बैठं काम असणाऱ्यांत जास्त. पुढे काही वर्षांत यातल्या अनेकांचं वरचंही वाढतं म्हणून लक्ष ठेवायचं, उपाय तेच.

मोजपट्टी
तळटीप यांच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. माझं स्वतःचं मत असं आहे की पन्नास टक्के घोळ मोजण्यातच असतो, आणि दुर्दैवाने दवाखान्यात वेळ नसल्यामुळे तो तिथेच सगळ्यात जास्त होतो. माणूस जिना चढून येतो, खुर्चीत बसतो न बसतो तोच पट्टा बांधला जातो, तो बोलत असतो, पाय लोंबकळत असतात आणि त्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी.

नीट मोजायचं म्हणजे असं : आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, सिगरेट, व्यायाम काही नाही. लघवीला जाऊन यायचं, हे लोक हमखास सोडून देतात पण भरलेल्या मूत्राशयाने बीपी चढतं. मग पाठीला आधार असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं, मोबाईल बाजूला, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नाही. हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीवर येईल. हाताची उंची फार महत्त्वाची, कारण हात हृदयाच्या दहा सेंटिमीटर खाली असला तर नुसत्या रक्ताच्या स्तंभाच्या वजनानेच सात-आठ पॉइंट जास्त दिसतात. २०२४ मध्ये यावरच एक प्रयोग छापून आला, त्यात हात मांडीवर ठेवला तर वरचं सरासरी ४ ने आणि बाजूला लोंबकळत सोडला तर साडेसहाने जास्त आलं. म्हणजे १३३ चे १४० सहज!

दुसरं म्हणजे पट्ट्याचं माप. जाड दंडाला नेहमीचा पट्टा लावला की आकडा फुगतो. २०२३ च्या एका प्रयोगात ज्यांना मोठा पट्टा लागायचा त्यांना नेहमीचा लावल्यावर वरचं साधारण ५ ने जास्त आलं आणि ज्यांना त्याहून मोठा लागायचा त्यांचं तब्बल १९-२० ने. मशीन घेताना दंडाच्या मध्यावर टेप लावून घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापात बसतो का बघा. मनगटाचं मशीन शक्यतो नको. प्रमाणित मशीनची यादी 'स्ट्राइड बीपी' नावाच्या संस्थेने ठेवलेली आहे, त्यात आपलं मॉडेल आहे का पाहून मगच घ्या.

आणि मग एक आठवडा, सकाळी गोळी-नाश्ता करायच्या आधी दोन रीडिंग, मिनिटभराच्या अंतराने, संध्याकाळी परत दोन. पहिला दिवस काढून टाकायचा, बाकी सगळ्यांची सरासरी. मधे एखादं १४८ आलं म्हणून पुन्हा पुन्हा मोजत बसायचं नाही आणि आवडलेलं तेवढंच लिहायचं नाही, जे येईल ते वहीत. घरी मोजलेल्याची रेषा वेगळी असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, युरोपीय पद्धतीत घरी सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर वाढलेलं धरतात, अमेरिकन पद्धतीत १३०/८०.

रानवारा
बापरे, एवढं सविस्तर, खूप खूप आभार दोघांचेही. मशीन मागवतोय. एक विचारायचं होतं, डॉक्टरांसमोर गेलं की माझी धडधड वाढते हे मला स्वतःला जाणवतं, तर तेवढ्यानेच असेल असं शक्य आहे का? आणि तसं असेल तर मग विषय संपला का?

तळटीप
अगदी शक्य आहे. दवाखान्यात जास्त आणि घरी नॉर्मल, याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात. पण विषय संपत नाही. अशा लोकांचं पुढे खरोखर वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून गोळी नको पण वर्षातून एकदा तरी घरी नीट मोजायचं. याच्या उलटाही प्रकार आहे आणि तो जास्त फसवा, दवाखान्यात १२८ आणि घरी किंवा कामावर १४०. तो कोणाच्या लक्षातच येत नाही. शंका राहिली तर २४ तासांचं मशीन लावतात, पट्टा दिवसभर आणि रात्रभर दंडावर, ठरावीक वेळाने आपोआप मोजतं. झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरायला हवं, ते उतरतंय का हे फक्त त्यातच कळतं. अख्ख्या २४ तासांची सरासरी १३०/८० किंवा जास्त आली तर निदान पक्कं.

उत्तररात्र
रात्री उतरण्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो. माझं वय ३४, दोन वर्षं बीपी १४५ च्या आसपास, मीठ कमी केलं, चालणं सुरू केलं, काही म्हणजे काही फरक नाही. शेवटी बायकोने डॉक्टरांना सांगितलं की हा झोपेत घोरतो आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग दचकून परत घोरायला लागतो. झोपेची तपासणी झाली आणि स्लीप ॲप्निया निघाला, चांगलाच. झोपेत श्वासमार्ग बंद होतो, ऑक्सिजन खाली जातो, शरीर प्रत्येक वेळी ॲड्रेनलिन सोडून जागं करतं, आणि हे रात्रभर चालतं, मग बीपी उतरणार कसं! श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन लावून झोपायला लागलो, वजनही उतरवलं, आता गोळी आहे पण लहान डोस आणि १२५ च्या घरात असतं. सकाळी उठल्यावर डोकं जड असणं, दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटणं, हे सगळं मी कामाचा ताण समजत होतो. घोरणाऱ्या प्रत्येक तरुण बीपीवाल्याने हे तपासून घ्यावं असं मनापासून वाटतं. झोपेतलं स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा.

कोरीपाटी
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. वाचनखूण साठवली.

जोरबैठक
मी २६, जिमला नियमित, शरीरात चरबी कमी, तरी १३८-१४० येतं. ट्रेनर म्हणतो मसल असणाऱ्यांचं येतंच तेवढं. वजन उचलणं बंद करावं का? दुसरं, प्री-वर्कआउट पावडर घेतो, त्याचा संबंध असू शकतो का?

तळटीप
पावडरीचा डबा वाचा. बहुतेकांमध्ये कॅफीन असतं, काहींमध्ये एका मापाला दोन-तीन कप कॉफीइतकं, शिवाय इतर उत्तेजकं. दोन-तीन आठवडे पूर्ण बंद करून परत आठवड्याची सरासरी काढा, उत्तर तुम्हालाच मिळेल. एनर्जी ड्रिंकचंही तेच. जिममध्ये कोणी स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं असेल तर त्याने बीपी वाढतंच, हृदयाच्या स्नायूवर आणि कोलेस्टेरॉलवरही परिणाम होतो, ते डॉक्टरांपासून लपवू नका, आम्ही रागवायला बसलेलो नसतो. मोठ्या दंडाला मोठा पट्टा हे वर आलंच आहे, तुमच्या बाबतीत आधी तेच बघेन.

वजन उचलणं बंद करायची गरज नाही. १९८५ साली बॉडीबिल्डरांच्या धमनीत थेट नळी घालून बीपी मोजलं होतं, जोरदार लेग प्रेस करताना एकाचं ४८०/३५० पर्यंत गेलं. हे आकडे खरे आहेत, पण ते काही सेकंदांपुरते, सेट संपला की झटकन खाली येतात. श्वास कोंडून धरल्याने ते जास्त चढतं, म्हणून वजन उचलताना श्वास सोडायचा आणि बीपी ताब्यात येईपर्यंत अगदी शेवटची ताकद लावणारे सेट टाळायचे. विश्रांतीचं बीपी १६०-१८० असेल तर मात्र आधी ते उतरवून मगच जड वजन.

पायवाट
व्यायामात नक्की कशाने उतरतं पण? चालणं, पळणं, योग, प्रत्येकजण वेगळं सांगतो.

मोजपट्टी
यावर २०२३ मध्ये २७० प्रयोगांची एकत्रित मांडणी झाली होती. सगळ्याच प्रकारांनी उतरतं. चालणं-पळणं-सायकल याने वरचं सरासरी साडेचारने, आणि सगळ्यात जास्त, ८ च्या आसपास, उतरलं ते स्थिर ताण देणाऱ्या व्यायामाने, म्हणजे भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून थांबणं किंवा हँडग्रिप दाबून धरणं. साधारण पद्धत अशी की दोन मिनिटं धरायचं, एक ते चार मिनिटं थांबायचं, असं चार वेळा, आठवड्यातून तीनदा. श्वास चालू ठेवायचा. ज्यांना वेळच मिळत नाही त्यांनी करून बघण्यासारखं आहे. पण म्हणून चालणं सोडू नका, वजन, साखर, झोप यांना त्याचा फायदा वेगळाच. आठवड्याला दीडशे मिनिटं, एवढं दम लागून की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

साधासरळ
माझं स्पष्ट मत सांगतो, गोळीच्या नादी लागू नका. एकदा सुरू झाली की सुटत नाही, शरीराला सवय लागते आणि शेवटी किडनी जाते. आमच्या ओळखीत झालंय. मीठ सोडा, मन शांत ठेवा, आपोआप उतरतं.

तळटीप
साधासरळ, तुमची काळजी कळते, पण सवय आणि किडनीच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही आणि ते वाचून कोणी गोळी सोडली तर नुकसान होईल म्हणून लिहिते. किडनी जाते ती बहुतेक वेळा वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीने. किंवा उलट असतं, किडनी आधीच आजारी असते आणि त्यामुळे बीपी वाढलेलं असतं, गोळी सुरू करताना तपासणीत ते सापडतं आणि घरच्यांना वाटतं गोळीने झालं. काही गोळ्यांनंतर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम दोन-चार आठवड्यांनी तपासावं लागतं हे खरं, ते काळजीपोटी.

सवय म्हणाल तर बीपीच्या गोळीचं व्यसन लागत नाही. बंद केली की बीपी परत चढतं कारण मूळ कल तसाच असतो. वजन उतरलं, झोप सुधारली, दारू थांबली की डोस कमी होतो, काहींची पूर्ण बंदही होते, डॉक्टरांच्या नजरेखाली. स्वतःहून एकदम बंद करू नये, काही प्रकारांत, उदाहरणार्थ बीटा ब्लॉकर म्हणजे ठोके मंदावणाऱ्या गोळ्या, एकदम थांबवल्यास बीपी आणि ठोके उसळतात. दुष्परिणाम असतात, ॲम्लोडिपिन नावाच्या गोळीने काहींचे घोटे सुजतात, एसीई प्रकारच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो, तेव्हा गोळी बदलता येते. सहन करत बसायचं नाही आणि न सांगता सोडायचंही नाही.

साधासरळ
ठीक आहे, एवढ्या खुलाशाबद्दल आभार. मीठ आणि मनःशांती यावर तरी आपलं एकमत दिसतंय.

चिमूटभर
मिठावर मी लिहू का? कारण माझ्याकडे तेवढ्यानेच खरा फरक पडला. वय ३१, सुरुवात १३६/८८.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे लेव्हल केलेल्या एका छोट्या चमच्याहून कमी, आणि यात सगळं आलं, स्वयंपाकातलं, वरून घेतलेलं, पाकिटातलं, बाहेरचं. मी आधी फक्त वरून घेणं बंद केलं आणि वाटलं झालं. खरा साठा पाकिटात असतो. लेबलवर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं मिलीग्रॅममध्ये, त्याला अडीचने गुणलं की मीठ. ८०० मिलीग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, दिवसाच्या कोट्यातलं चाळीस टक्के एका छोट्या पाकिटात. आणि ते 'प्रति सर्व्हिंग' आहे का अख्ख्या पाकिटाचं आहे तेही बघावं लागतं. गोड पदार्थांतही सोडियम असतं, ब्रेडमध्ये असतं, फसफसणाऱ्या विरघळत्या गोळ्यांत सुद्धा भरपूर असतं.

पहिले दोन-तीन आठवडे सगळं बेचव लागतं हे खरंय, मग जीभ बदलते आणि बाहेरचं खाल्लं तर खारट लागायला लागतं. एकदम सोडण्यापेक्षा थोडं थोडं कमी केलं तर घरचेही तक्रार करत नाहीत, आमच्याकडे तर कोणाला कळलंच नाही.

आणि नुसतं काढून टाकणं नाही, काय वाढवायचं हेही आहे. डॅश म्हणजे बीपी उतरवण्यासाठी आखलेल्या आहाराचा मूळ प्रयोग १९९७ चा, ४५९ लोक, त्यात मीठ आणि वजन मुद्दाम बदललं नव्हतं, फक्त फळं-भाज्या, कमी फॅटचं दूध-दही, सुकामेवा, कडधान्यं वाढवली आणि चरबी-गोड कमी केलं. ज्यांचं बीपी आधीच वाढलेलं होतं त्यांचं आठ आठवड्यांत वरचं ११ ने आणि खालचं साडेपाचने उतरलं. हे एखाद्या गोळीएवढं झालं!

कोरीपाटी
ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ते घ्यावं का मग?

तळटीप
त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनच्या ग्रामीण भागात सुमारे २१ हजार लोकांवर याचा मोठा प्रयोग झाला, २०२१ मध्ये निकाल आला, पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. निरोगी किडनीच्या तरुणाला चांगला पर्याय आहे. पण किडनीचा आजार असेल किंवा बीपीसाठी एसीई, एआरबी, स्पायरोनोलॅक्टोन प्रकारची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरात आई-वडील एकाच डब्यातलं मीठ वापरतात, त्यांच्या गोळ्याही आठवा.

रानवारा
मंडळी, मशीन आलं, मोजपट्टी यांनी सांगितलं तसं सगळं पाळून आठवड्याची सरासरी काढली, १३३/८६ आली. म्हणजे दवाखान्यातल्यापेक्षा कमी पण नॉर्मल नाहीच. आता डॉक्टरांकडे ही वही घेऊन जाणार आहे. तिथे काय विचारू, कोणत्या तपासण्या योग्य?

तळटीप
वही नेणं हेच अर्धं काम. या वयात मी पहिल्या भेटीत बघेन ते असं. लघवीत प्रथिनं जातायत का, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, ईसीजी. आणि एकदा दोन्ही हातांचं बीपी. पायातली नाडी उशिरा किंवा अशक्त लागत असेल तर पायाचंही, कारण जन्मतः महाधमनी एका जागी अरुंद असेल तर हातात बीपी जास्त आणि पायात कमी येतं, हे कधीकधी विशी-तिशीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

बहुतेक तरुणांतही एकच एक कारण सापडत नाही, अनुवंशिकता, वजन, मीठ, झोप यांचं मिश्रण असतं. पण तरुण वयात कारण शोधायला जास्त मोल आहे कारण सापडलं तर कधीकधी पूर्ण बरं करता येतं. किडनीचे आजार. किडनीच्या धमनीचा फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया, म्हणजे धमनीची भिंत नीट न वाढल्याने ती अरुंद होणं, हा तरुण स्त्रियांत जास्त. किडनीवरच्या ॲड्रेनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन जास्त सुटणं, हे आधी वाटायचं त्यापेक्षा बरंच जास्त आढळतं आणि पोटॅशियम नॉर्मल असलं तरी असू शकतं. अधूनमधून डोकं ठणकणं, घामाने भिजणं, जोरात धडधड असे झटके एकत्र येत असतील तर तेही सांगा, ॲड्रेनलच्या एका दुर्मिळ गाठीत तसं होतं.

आणि घेताय त्या सगळ्या गोष्टींची यादी, औषध वाटत नाहीत त्याही. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नेहमी घेतल्या तर बीपी वाढतं. सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या. गर्भनिरोधक गोळ्या. स्टिरॉइड. एडीएचडीची (लक्ष टिकत नाही त्या त्रासाची) उत्तेजक औषधं. ज्येष्ठमध, हो, तो रोज बऱ्याच प्रमाणात पोटात गेला तर शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम उतरतं. घसा बसला म्हणून महिनोन् महिने चघळणाऱ्यांनी लक्ष द्यावं.

पायवाट
गर्भनिरोधक गोळीचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, ना गोळी देताना ना बीपी मोजताना. आणि पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे, त्याचं काय?

तळटीप
गोळी देणाऱ्या डॉक्टरांना तुमचे आकडे आत्ताच कळवा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने बीपी वाढू शकतं, इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत, फक्त दुसरा पर्याय ठरेपर्यंत गर्भनिरोधाशिवाय राहू नका. बाळाचा विचार असेल तर बीपीसाठी एसीई किंवा एआरबी प्रकारची गोळी टाळतात कारण गर्भाला इजा होते. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा ही गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. आधीपासून बीपी असलं तर प्रीएक्लाम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याच्या आजाराचा धोका वाढतो, म्हणून दिवस राहायच्या आधी भेटणं फार फायद्याचं. शक्य तेवढ्या लवकर वेळ घ्या, ही माझी कळकळीची विनंती.

रानवारा
जाऊन आलो. तपासण्या सगळ्या नॉर्मल आल्या, लघवी, किडनी, ईसीजी, सगळं. यावेळच्या डॉक्टरांनी वही शांतपणे वाचली आणि तीन महिने दिलेत, मीठ, वजन, चालणं, दारू बंद, मग परत मोजायचं. तेव्हा उतरलं नाही तर छोट्या डोसपासून सुरू करू म्हणाले. तीन महिने थांबल्याने काही बिघडणार नाही ना, एवढी एकच भीती आहे.

तळटीप
१३३/८६ आणि बाकी सगळं नॉर्मल, अशा वेळी तीन ते सहा महिने राहणीमानावर देणं हे सर्वमान्य आहे. मधुमेह, किडनीचा आजार किंवा लघवीत प्रथिनं असती तर लवकर सुरू केलं असतं, १५० असतं तरी एवढं थांबलो नसतो. वजनाचं एक ढोबळ गणित ध्यानात ठेवा, किलोमागे साधारण एक पॉइंट. पाच किलो गेले आणि मीठ आवरलं तर तुमचं १२५ च्या आसपास येणं शक्य कोटीतलं आहे. नाही आलं तर तो तुमचा दोष नाही, वडिलांकडून आलेला वाटा मोठा असेल, तेव्हा गोळी घ्यायला कमीपणा मानू नका.

मधल्या काळात रोज मोजू नका. महिन्यातून काही दिवस पुरे, सतत मोजणाऱ्यांना मशीन बघूनच धडधडतं. अचानक १८०/१२० च्या वर दिसलं तर शांत बसून परत मोजा, आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूची शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, दिसायला कमी होणं यातलं काहीही असेल तर परत मोजत बसू नका, सरळ इमर्जन्सीत.

उत्तररात्र
दारू बंद हे लिहिलंत ते बरं. माझं तेवढ्याने दोन-तीन आठवड्यांतच खाली आलेलं दिसलं होतं, आणि झोपही सुधारली.

रानवारा
अजून एक राहिलं, मशीनवर डाव्या हातात १३१ आणि उजव्यात १३७ असं येतं. कुठलं खरं?

मोजपट्टी
दोन्ही खरी. पाच-सात पॉइंटचा फरक बऱ्याच जणांत असतो. ज्या हातात जास्त येतं तोच पुढे कायम वापरायचा आणि वहीत वर तसं लिहून ठेवायचं. फरक पुन्हा पुन्हा १५-२० च्या वर येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचा, एखादी धमनी अरुंद असू शकते. तुम्ही आठवड्याची सरासरी कुठल्या हाताची काढली होती?

रानवारा
डाव्या. मग आता उजव्याची काढतो परत आणि डॉक्टरांना तीच कळवतो.